सत्तरीनंतर किडनीत छोटी गाठ सापडली तर: आधी काय, नंतर काय

पोट फुगतंय किंवा लघवी अडखळतेय म्हणून सोनोग्राफी होते आणि रिपोर्टात भलतंच निघतं: उजव्या किडनीत अडीच सेंटिमीटरची गाठ. माणूस शहात्तर वर्षांचा, गाठीचा त्रास काहीच नाही. खानापूर, उचगाव, निपाणी भागातून अशी घरं माझ्या दवाखान्यात येतात, आणि पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: "डॉक्टर, ऑपरेशन बेळगावातच करू, की मिरजेला नेऊ?" गाठ कसली आहे, दोन्ही किडन्या किती चालतात, आप्पांना भूल झेपेल का, यातलं काहीच कळलेलं नसताना दवाखाना मात्र ठरलेला असतो.

हा क्रम उलटा आहे, आणि त्यापायी वाचू शकणाऱ्या किडन्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून पायऱ्या ओळीने लिहितो. इथे 'छोटी गाठ' म्हणजे किडनीच्या मांसल भागातली, ४ सेंटिमीटर किंवा त्याहून लहान, बाहेर न पसरलेली घन गाठ. निर्णय तुमच्या युरॉलॉजिस्टसोबतच, म्हणजे मूत्रविकारांच्या सर्जनसोबतच घ्यायचा आहे. त्यांच्यासमोर तयारीने बसता यावं एवढ्यासाठी हा लेख.

## घाई कुठे आहे, कुठे नाही

अशा गाठी सरासरी वर्षाला २ ते ३ मिलिमीटर वाढतात, आणि काही वर्षानुवर्षं जागच्या जागी राहतात. साधारण पाचातली एक गाठ कॅन्सरची नसतेच. ज्या कॅन्सरच्या असतात, त्यांतल्याही नुसत्या नजरेखाली ठेवलेल्या छोट्या गाठी पहिल्या काही वर्षांत शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण शेकडा एक-दोनच्या आसपास आहे. तेव्हा नीट तपासण्या करण्यात महिना-दीड महिना गेला तर नुकसान होत नाही.

इशारा: लघवीतून डोळ्यांना दिसेल असं रक्त, कुशीत सतत कळ, थंडी वाजून ताप, किंवा कारण नसताना घटणारं वजन, यांपैकी काही असेल तर ही सवलत तुम्हाला लागू नाही. आठवड्याच्या आत युरॉलॉजिस्टना दाखवा. गाठ किडनीच्या मध्यभागी, लघवी जमा होते त्या पोकळीत असेल, तर तो वेगळ्या जातीचा कॅन्सर असू शकतो. त्याच्या तपासण्या आणि उपचार दोन्ही निराळे असतात.

## टप्पा १: पिशवी भरा

पहिल्या भेटीला निम्मी घरं नुसता सोनोग्राफीचा कागद घेऊन येतात. त्याबरोबर एवढं आणा:

- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पाकिटांसकट. 'बीपीची पांढरी गोळी' एवढ्यावरून काही कळत नाही.
- जुने रिपोर्ट, खास करून पाच-सात वर्षांपूर्वीची कुठलीही सोनोग्राफी किंवा सीटी. तीच गाठ तेव्हाही तेवढीच असेल, तर निम्मा निर्णय तिथेच होतो.
- हृदयाचं काही झालं असेल तर अँजिओप्लास्टीची तारीख आणि डिस्चार्ज कार्ड. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड.
- गुडघ्यांसाठी, कंबरेसाठी मेडिकलमधून परस्पर घेतल्या जाणाऱ्या गोळ्या. या लपवल्या जातात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या म्हाताऱ्या किडनीला हळूहळू पोखरतात.

मुतखड्याची पावडर, भस्म, जडीबुटीचा काढा चालू असेल तर तोही सांगा आणि तपासण्या होईपर्यंत थांबवा. अशा काही औषधांत जड धातू असतात. त्यांनी गाठ विरघळत नाही, उरलेली किडनी मात्र दुखावते.

## टप्पा २: सीटीच्या आधी किडनीची ताकद मोजा

ही पायरी लोक गाळतात. "क्रिएटिनिन नॉर्मल आहे" एवढं ऐकून पुढे जाऊ नका. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो एक टाकाऊ पदार्थ. तो स्नायूंमधून तयार होतो. वय झालं, स्नायू उतरले की आकडा कमी दिसतो आणि किडनी ठीक आहे असा भास होतो.

खरा आकडा ईजीएफआर: क्रिएटिनिन, वय आणि स्त्री-पुरुष भेद धरून काढलेला, किडनी दर मिनिटाला किती रक्त गाळते याचा अंदाज. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींचं क्रिएटिनिन १.२ आलं तर घरचे निर्धास्त होतात. सध्याच्या सूत्राने त्यांचा ईजीएफआर ४७ च्या आसपास निघतो. म्हणजे आज दोन्ही किडन्या मिळून निम्म्याच चालताहेत, आणि अशा बाईंची एक आख्खी किडनी काढली तर पुढे डायलिसिसचा विषय निघू शकतो. शहात्तर वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.४ असेल तर ईजीएफआर साधारण ५२.

सोबत लघवीची साधी तपासणी आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचं (एका प्रथिनाचं) प्रमाण करून घ्या. साखर आणि बीपी वर्षानुवर्षं असणाऱ्यांत प्रथिनं आधीच गळत असतात. त्यांची किडनी वाचवण्याला जास्त किंमत आहे.

तपासून घ्या: ईजीएफआरचा आकडा फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलाय का? पुढचा प्रत्येक डॉक्टर तो विचारणार आहे.

## टप्पा ३: नीट सीटी, एकदाच

सोनोग्राफी गाठ दाखवते, तिचा स्वभाव सांगत नाही. साधी पाण्याची फुगवटी, म्हणजे सिस्ट, म्हातारपणी अनेकांना असते आणि तिला काही करावं लागत नाही. कधी किडनीचाच सामान्य भाग आत वळलेला असतो आणि गाठीसारखा दिसतो. म्हणून पुढची तपासणी किडनीची कॉन्ट्रास्ट सीटी: आधी औषधाशिवाय आणि मग औषध शिरेतून सोडून ठरावीक वेळांनी फोटो. सेंटरवर 'पोटाची सीटी' एवढंच न सांगता 'किडनीच्या गाठीसाठी' असं चिठ्ठीवर लिहून घ्या. औषधाशिवायचे फोटो घेतलेच नाहीत तर तुलना कशाशी करायची, आणि मग दुसऱ्यांदा सगळं करावं लागतं.

तयारी अशी:

१. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर कॉन्ट्रास्टबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. एमआरआयचा पर्याय असतो.
२. मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) घेत असाल तर सीटीवाल्यांना आणि आपल्या डॉक्टरांना सांगा. थांबवायची की नाही ते ईजीएफआर पाहून ठरतं.
३. वेदनाशामक गोळ्या दोन दिवस आधीपासून बंद.
४. आदल्या दिवशी भरपूर पाणी. हृदय कमजोर असून पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.
५. सकाळची पहिली वेळ घ्या. जांबोटी-कणकुंबीकडून पहाटेच्या बसने उपाशी निघालेला साखरेचा रुग्ण दुपारी एकपर्यंत बाकावर बसला, तर साखर उतरून चक्कर येते. उपाशी असताना इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घ्यायची का, हे आदल्या दिवशीच विचारा. खिशात साखर ठेवा.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा. गाठ औषध शोषते का: शोषत असेल तर ती जिवंत पेशींची घन गाठ. आत चरबी दिसते का: दिसली तर बहुतेकदा ती अँजिओमायोलिपोमा नावाची साधी गाठ, कॅन्सर नव्हे. आणि जागा: बाहेरच्या बाजूला फुगलेली की आत, मोठ्या रक्तवाहिन्यांजवळ. सिस्ट असेल तर 'बोस्नियाक' आणि एक रोमन आकडा लिहिलेला असतो. एक आणि दोन म्हणजे सोडून द्या, दोन-एफ म्हणजे नजर ठेवा, तीन आणि चार म्हणजे युरॉलॉजिस्ट.

इशारा: फिल्मवर समाधान मानू नका, डिस्क मागून घ्या. बेळगावात केलेल्या सीटीची डिस्क नसली की मिरजेत, कोल्हापुरात किंवा हुबळीत पुन्हा सीटी होते. पैसे जातात ते जातातच, म्हाताऱ्या किडनीवर कॉन्ट्रास्टचा दुसरा डोस पडतो.

छोट्या गाठीसाठी पेट स्कॅनची (कॅन्सर कुठे पसरलाय ते शोधणाऱ्या स्कॅनची) गरज सहसा नसते. त्यातलं औषध लघवीवाटेच बाहेर पडतं, त्यामुळे किडनी मुळातच चमकते आणि गाठ ओळखू येत नाही. छातीचा एक्स-रे पुरतो. डॉक्टरांना शंका वाटली तर छातीची सीटी.

## टप्पा ४: गाठीइतकंच माणसाकडे बघा

सगळं लक्ष गाठीच्या सेंटिमीटरवर जातं आणि माणूस मोजायचा राहतो. एक ऐंशी वर्षांचा शेतकरी रोज मळ्यात जाऊन येतो. दुसरा बहात्तरचा, पण दोन अँजिओप्लास्ट्या झालेल्या, चार पावलांत दम. दोघांची गाठ सारखीच अडीच सेंटिमीटर, पण उत्तर एक नाही.

घरी बसून खरी उत्तरं लिहा. एक जिना न थांबता चढता येतो का? खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का? गेल्या वर्षभरात किती वेळा पडले? आंघोळ, संडास, जेवण स्वतःचं स्वतः होतं का? विसरभोळेपणा वाढलाय का? दवाखान्यात "आमचे आप्पा ठणठणीत आहेत" असं मुलगा अभिमानाने सांगतो, आणि भूलतज्ज्ञाला चुकीचं चित्र मिळतं. खरं सांगण्यात आप्पांचा कमीपणा नाही.

मग त्यांनाच विचारा. खोलीबाहेर कुजबुजून निर्णय घेऊ नका. कुणाला "शरीरात गाठ आहे" ही गोष्टच झोपू देत नाही. कुणी म्हणतो, "मला कापू नका, नातवाचं लग्न बघू द्या." दोन्ही गोष्टी निर्णयात धरायच्या असतात. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा मोठा आजार असेल तर त्या डॉक्टरांचं मत लेखी घ्या. पुढच्या पाच वर्षांत त्या माणसाला जास्त धोका गाठीचा की हृदयाचा, हा प्रश्न त्यांना थेट विचारा.

## टप्पा ५: सुईची तपासणी, उत्तराने काही बदलणार असेल तरच

"सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे आमच्या भागात फार खोल बसलंय. किडनीच्या गाठीत जाड सुईने केलेल्या बायोप्सीने, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढल्याने, असं होणं अत्यंत दुर्मिळ आहे. खरा धोका थोड्या रक्तस्रावाचा, आणि तोही बहुतेक आपोआप थांबतो.

बायोप्सी कुणाला? निकाल काहीही आला तरी शस्त्रक्रिया करायचीच, किंवा काहीही आला तरी नुसती नजरच ठेवायची, असं ठरलं असेल तर सुईचा उपयोग नाही. दोन पर्यायांत मन अडकलंय, किंवा गाठ जाळायची आहे (कशी, ते टप्पा ६ मध्ये), तिथे ती करावी. जाळल्यावर गाठीचा तुकडा हाती लागत नाही, म्हणून आधीच कळलेलं बरं. पाण्याच्या गाठीत बायोप्सी सहसा करत नाहीत.

- बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून घेणारी एफएनएसी पुरेशी नाही. 'कोअर बायोप्सी' असं स्पष्ट विचारा.
- दहातल्या एखाद्याचा तुकडा अपुरा निघतो. 'निदान झाले नाही' याचा अर्थ 'कॅन्सर नाही' असा होत नाही. पुन्हा करावी लागू शकते.

इशारा: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी इतर गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. वर्षभरात स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीतली जाळी) बसलेला असेल तर गोळी बंद केल्याने स्टेंट तुंबून जीव जाऊ शकतो. कधी थांबवायची, कधी सुरू करायची, हे हृदयाच्या डॉक्टरांच्या सहीने ठरू द्या.

## टप्पा ६: आता पर्याय

नजरेखाली ठेवणे. हा स्वतंत्र उपचार आहे, "काही करत नाही" असा त्याचा अर्थ नाही. गाठ लहान (विशेषतः २ सेंटिमीटरच्या आत), माणूस नाजूक, किंवा इतर आजार जड असतील तर मी पहिल्यांदा याचाच विचार करायला सांगतो. पहिल्या वर्षी दर ३ ते ६ महिन्यांनी स्कॅन, वाढ दिसली नाही तर पुढे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. गाठ वर्षात ५ मिलिमीटरहून जास्त वाढली, ३-४ सेंटिमीटरच्या पुढे गेली किंवा त्रास सुरू झाला, तर पुन्हा बसून ठरवायचं.

गाठ जाळणे किंवा गोठवणे. सीटी किंवा सोनोग्राफीखाली कातडीतून सुई घालून गाठ उष्णतेने (आरएफए, मायक्रोवेव्ह) किंवा थंडीने (क्रायो) मारतात. गाठ ३ सेंटिमीटरच्या आत, बाहेरच्या बाजूला आणि आतडं किंवा मूत्रनळीपासून दूर असेल तर उत्तम. मोठी चिरफाड नाही, बहुतेकदा एक-दोन दिवसांत घरी. शस्त्रक्रियेच्या मानाने गाठीचा अंश मागे राहण्याची शक्यता थोडी जास्त, पण पुन्हा जाळता येतं. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं, म्हणजे स्कॅनखाली सुईने उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं. ही सोय जिथे नाही तिथे तिचं नावही निघत नाही, म्हणून तुम्ही विचारा.

किडनी राखून गाठ काढणे. धडधाकट माणसासाठी हाच भरवशाचा उपाय: उघडून, दुर्बिणीने किंवा रोबोटने. कोणत्या साधनाने, यापेक्षा सर्जन हे ऑपरेशन नेहमी करतात का, हा प्रश्न मोलाचा. धोके रक्तस्रावाचे आणि लघवी गळण्याचे.

आख्खी किडनी काढणे. छोट्या गाठीसाठी हा शेवटचा पर्याय. गाठ फार आत, मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून असेल तर कधी इलाज नसतो. पण "वय झालंय, सगळीच काढून टाकू, सोपं पडेल" असं कारण पुढे आलं, तर तिथेच थांबा आणि दुसरं मत घ्या. टप्पा २ मधला आकडा याच क्षणासाठी लिहून ठेवला होता.

शस्त्रक्रिया किंवा सुई झेपणार नाही आणि नुसतं थांबणंही पटत नाही, अशा मोजक्यांना नेमका मारा करणारी रेडिएशन पद्धत काही मोठ्या केंद्रांत देतात. या टप्प्यावरच्या गाठीला केमोथेरपी देत नाहीत. कुणी सुचवली तर कारण विचारा.

डॉक्टरांसमोर हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या:

१. ही गाठ जाळण्याजोगी आहे का? नसेल तर का नाही?
२. किडनी राखून काढता येईल का?
३. उपचारानंतर ईजीएफआर कितीवर येईल असं वाटतं?
४. सहा महिने थांबून पुन्हा स्कॅन केला तर यांचं काय बिघडेल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर शांतपणे, कारणं देऊन मिळालं, तर तुम्ही योग्य माणसासमोर बसला आहात.

## टप्पा ७: योजना आणि कागद, भरती व्हायच्या आधी

भरती झाल्यावर कार्ड शोधणं ही इथली नेहमीची चूक आहे. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. एपीएल कार्डवाल्यांना ठरलेल्या पॅकेजच्या ३० टक्के मिळतात. मोठ्या उपचारासाठी सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं, बेळगावात त्यासाठी बिम्स, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. पत्राशिवाय थेट खाजगीत भरती झालात तर मंजुरी अडकते. सहकारी संस्थेचे सभासद असाल तर 'यशस्विनी'ची नोंदणी चालू वर्षाची आहे का ते पाहा.

सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली आहे. कोल्हापूर किंवा मिरजेला जाणार असाल तर तिथल्या आरोग्यमित्रांना (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसांना) तीन गोष्टी आधी फोनवर विचारा: आमचं गाव यादीत आहे का, हा नेमका उपचार पॅकेजमध्ये आहे का, आणि कुठले कागद लागतील. आधार आणि रेशन कार्डावरचं नाव जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करा. एकीकडे कन्नड, एकीकडे इंग्रजी स्पेलिंग, यात आडनाव हमखास बदललेलं असतं.

तपासून घ्या: संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा. 'किडनी राखून' लिहिलंय की 'किडनी काढणे', हे सही करण्याआधी आप्पांनी स्वतः ऐकलेलं असावं. गरज पडली तर किडनी काढण्याचीही परवानगी त्यात असते. ती गरज कशी ठरवणार तेही विचारा.

## टप्पा ८: नंतरचं, जिथे सगळ्यात जास्त हयगय होते

किडनी राखून ऑपरेशन झालं असेल तर पहिले दोन-तीन आठवडे जपा. घरी गेल्यावर अचानक लालभडक लघवी झाली, चक्कर आली, कुशीत फुगवटा आला, तर आतली रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. गावातल्या डॉक्टरांकडे सलाईन लावत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. गाव लांब आणि पावसाळा असेल तर निदान आठवडाभर शहरातल्या पाहुण्यांकडे राहा.

गाठ जाळली असेल तर ३ ते ६ महिन्यांच्या आत पहिली सीटी किंवा एमआरआय. जागेवर डाग दिसणारच, तो औषध शोषतोय का एवढं बघायचं. कुठलाही उपचार झाला तरी क्रिएटिनिन-ईजीएफआर ठरावीक काळाने, बीपी ताब्यात, आणि गुडघ्यांच्या त्या गोळ्या कायमच्या बंद. दुखलं तर पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात.

नजरेखाली ठेवलेल्यांची चूक वेगळी. पहिला स्कॅन होतो, "वाढ नाही" ऐकून घर सुटकेचा श्वास टाकतं, दुसरा सुगीत राहतो, तिसऱ्याची आठवण कुणालाच नसते. चार वर्षांनी गाठ सहा सेंटिमीटरची घेऊन आलेले एक काका मला अजून आठवतात. एका मुलाला किंवा सुनेला नावाने जबाबदारी द्या. महिने असे धरा की सुगी आणि मुसळधार पाऊस दोन्ही टळतील. प्रत्येक वेळी शक्यतो तेच सेंटर आणि तीच तपासणी, जुनी डिस्क सोबत. एकदा सोनोग्राफी, एकदा सीटी अशी मापं जुळवली तर न वाढलेली गाठही तीन-चार मिलिमीटर वाढल्यासारखी दिसते आणि उगाच धावपळ होते.

आणि दरवर्षी हाही प्रश्न विचारा: आता स्कॅन करत राहायचा का? आजी अठ्ठ्याऐंशीच्या झाल्या, अंथरुणातून फार उठत नाहीत, आणि गाठ वाढली तरी काही करायचं नाही हे घराने आणि आजींनी मिळून ठरवलंय, तर त्यांना सीटीसाठी गाडीत बसवून बेळगावला आणायचं कारण नाही. युरॉलॉजिस्टना फोन करून तसं ठरवा आणि पुढच्या तारखेवर रेघ मारा.